राजीखुशीन

"हात धुवून या."

विम्याच्या ऑफिसातला खिडकीपलीकडचा माणूस माझ्याकडे न बघताच बोलला. अंगठ्याचं मशीन त्याने आपल्याकडे ओढून घेतलं, खिशातून रुमाल काढला आणि मशीनची काच पुसली. एकदा पुसून त्याचं समाधान झालं नाही. परत पुसली.

मी बाहेर नळावर गेले. साबण नव्हता. भिंतीच्या कडेची माती घेतली, दोन्ही अंगठे चोळले, पदराला पुसले आणि परत रांगेच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. अंगठा ठेवला. मशीनने घेतला नाही. डावा ठेवला. तोही नाही.

"धुतलेत का खरंच?" तो म्हणाला.

मागे कोणीतरी हसलं.

काजूचं तेल धुऊन जात नाही. बी फोडताना टरफलातून जे तेल उडतं ते कातडी जाळतं. आधी फोड येतात, मग साल जाते, मग बोटं काळी होतात ती होतातच. अंगठ्यावरच्या रेघा कधीच्या झिजून गेलेल्या. हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तेव्हा मी कोणाला काही सांगत नसे. माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मान खाली घालायची सवय होती.

शेवटी त्याने विम्याचा नंबर हाताने टाकला. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, "तुम्ही नोकरी सोडलीय."

"नाय सायबानू. माका काढल्यानी. कारखानो बंद झालो."

"मराठीत बोला."

मी मराठीतच बोलतेय अशी माझी समजूत होती.

"काढलं की सोडलं? एक काहीतरी सांगा. इथे स्वच्छ लिहिलंय, स्वेच्छेने राजीनामा. खाली तुमची सही आहे. स्वतःहून नोकरी सोडायची आणि मग फुकट औषधपाणी मागायला यायचं. नोकरी गेली असेल तर विमा पुढे काही महिने चालू राहतो. सोडली असेल तर नाही. कळलं? चला, पुढचे या."

माझे यजमान मागे बाकावर बसले होते. गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला. त्यांनी सगळं ऐकलं. माझ्या आधी तेच उठले आणि बाहेर चालू लागले. मी त्यांच्या मागून गेले. त्या दिवशी माझी लाज गेली, पण ती मला तेवढी लागली नाही. हे उठून गेले, ते लागलं.

आमची वाडी कट्टा गावापासून आत. थोडी भातशेती, काजूची चार कलमं. त्यावर घर चालत नाही म्हणून मी चौदा वर्षं भाऊशेटच्या काजू कारखान्यात बी फोडायला होते. भाऊशेट मालवणचे. पांढरा सदरा, गोड बोलणं, प्रत्येकीला "गो बाय" म्हणणार. आम्ही बत्तीस बायका. सकाळी उकडलेल्या बिया समोर पडायच्या, पायाने मशीन दाबायचं, हाताने बी सरकवायची. बोट कधी मध्ये आलं तर राख लावायची आणि पुढची बी घ्यायची.

पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे. पहिल्या वर्षी आम्ही कुरकुरलो होतो. कशाला कापता, आमका काय जाला तर मीठ-मिरची ओवाळून बरा होता, असं इंदू म्हणाली होती आणि सगळ्या हसल्या होत्या. इंदू माझ्या शेजारच्या मशीनवर. हे कापलेले पैसे कधी कामाला येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं.

मग ह्यांचा आवाज बसला.

ह्यांचा आवाज म्हणजे वाडीचा आवाज. देवळात गाऱ्हाणं घालायचं ते ह्यांनी. जत्रेला, पेरणीला, कोणाचं पोर आजारी पडलं तर, मुंबईकर सुट्टीत आले तर. हे देवासमोर हात जोडून उभे राहिले की खालच्या आळीपर्यंत ऐकू जायचं. दर वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, अंगावर काटा आला होता. इतक्या मोठ्याने भांडल्यासारखं देवाशी बोलणारा हा माणूस आपला नवरा आहे, याचा मला फार अभिमान वाटायचा. घरात मात्र ते हळू बोलायचे.

त्या वर्षी जत्रेत आवाज फाटला. थंडी असेल म्हणाले. मग गिळताना दुखायला लागलं. मग तपासण्या. घशात कॅन्सर निघाला. तेव्हा ते कापलेले पैसे आठवले. विम्याच्या कार्डावर ह्यांचं नाव होतं, घाटावरच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली. पस्तीस शेक द्यायचे ठरले. कॅन्सरवर जी किरणं सोडतात त्याला आम्ही शेकच म्हणतो. सोमवारी पहाटेची गाडी, वैभववाडीवरून घाट चढून वर, आठवडाभर तिथेच, शनिवारी घरी. किरणं नेमकी कुठे सोडायची त्याची मानेवर निळ्या शाईने खूण केली होती. ती पुसायची नाही, पाणी लावायचं नाही.

डॉक्टर चांगला होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, हे लवकर सापडलंय. बरे होतील. फक्त मध्ये खंड पाडायचा नाही."

अकरा शेक झाले होते.

तेव्हाच भाऊशेटनी कारखाना बंद करायचं ठरवलं. बाहेरून येणाऱ्या बीचा भाव परवडत नाही म्हणाले. खरंही असेल. शनिवारी पूजा ठेवली. इतकी वर्षं लक्ष्मीने इथे वास केला, तिला पाठवताना नुसतं कुलूप घालू नये, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते पटलं. उलट बरं वाटलं. दुसरे मालक असे वागत नाहीत, असं आम्ही आपापसात बोललो सुद्धा.

एरवी कारखान्यातलं गाऱ्हाणंही हेच घालायचे. त्या दिवशी हे घाटावरून येऊन घरी पडून होते. घशातून थुंकी उतरत नव्हती, गाऱ्हाणं कुठून घालणार? म्हणून भाऊशेटनी आपल्या ओळखीचा एक माणूस आणला होता. आम्ही नव्या साड्या नेसून गेलो. मशीनं धुऊन काढलेली, प्रत्येक मशीनवर झेंडूचं फूल. त्या माणसाने नारळ पुढे धरला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज हय तुझी सेवा झाली, ती गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो लेकी इतकी वर्सा हय राबल्यो. आता राजीखुशीन आपापल्या घराक जातत. त्यांच्या चुलीक काय कमी पडूक दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बत्तीस बायकांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. गाऱ्हाणं घालणाऱ्याची बायको ना मी. कुठल्या शब्दावर आवाज चढवायचा ते मला माहीत. आणि मनात मी माझं मागत होते. ह्यांना बरं कर, ह्यांचा आवाज परत दे. "राजीखुशीन" कानावरून गेलं. गाऱ्हाण्यात असे शब्द असतातच. त्यात कोण काय धरून बसतं?

नारळ फुटला. मग प्रसाद. दाराजवळ टेबल मांडलं होतं, टेबलावर कागद. एकेकीने यायचं, सही करायची, प्रसादाचा नारळ आणि साडीचं पाकीट घ्यायचं. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागावर तबक ठेवलेलं होतं.

"कसली सही?" मी विचारलं होतं. हे मी खोटं सांगत नाही. विचारलं होतं.

"अगो, नारळ मिळालो म्हणान," भाऊशेट म्हणाले. "सही कर आणि घी. मागे रांग आसा."

मी सातवी शिकलेली आहे. मला वाचता येतं. तबक बाजूला सारून वाचता आलं असतं. पण देवाच्या प्रसादाला कोणी कागद वाचून हात लावतं का? तो अविश्वास झाला असता. देवावर आणि भाऊशेटवर. मी सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या सोमवारी घाटावर गेलो तर इस्पितळातली मुलगी म्हणाली, कार्ड बंद दाखवतंय. तिने तीनदा बघितलं. तिलाही वाईट वाटत होतं. म्हणाली, ऑफिसातून पत्र आणा, मी ह्यांची वेळ धरून ठेवते. म्हणून आम्ही तसेच घाट उतरून विम्याच्या ऑफिसात गेलो होतो. तिथे मला हात धुवायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊशेटच्या घरी गेले. मागच्या दाराशी उभी राहिले, पुढच्या दाराने जायची आमची पद्धत नव्हती. बराच वेळ कोणी आलं नाही. आत मिक्सर चालू होता. मग ते आले.

मी म्हटलं, "भाऊशेट, ह्यांचे शेक थांबले. तुमी नुसता एक पत्र द्या. कारखानो बंद झालो, कामगारांका काढला, एवढाच लिवा."

"असा कसा लिवतलंय? काढला म्हणून लिवला तर माका बत्तीस जणींची भरपाय दिवची लागात. आणि तूच सही केलंस मगे?"

"माका म्हायत नाय होता कसली ती."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अगो, देवासमोर सगळ्यांनी व्हय म्हटलास. राजीखुशीन जातंव म्हणान. तू तर सगळ्यांपेक्षा मोठ्यान वरडलंस. आता देवाक खोटो पाडतंस?"

आणि मी गप्प झाले. यातलं सगळ्यात वाईट हे आहे. मी गप्प झाले, कारण मला वाटलं, खरंच की. देवासमोर बोलले. आता फिरले तर काय होईल? ह्यांनाच काही झालं तर? त्या दारात उभी राहून मी भाऊशेटला नाही, देवाला घाबरले. त्यांनी आतून केळी आणून दिली. मी ती घेतली. घरी येताना ती केळी पिशवीत होती आणि मला स्वतःची किळस येत होती.

घरी आले. हे पडवीत बसले होते. आंघोळ केलेली, पण मान कोरडी. शेक कधी सुरू होतील सांगता येत नाही, खूण पुसली तर परत सगळं मोजायला लागेल, म्हणून ते मानेला पाणी लावत नव्हते. पुढेही कित्येक दिवस लावलं नाही. शाई फिकी होत गेली तरी ते जपत राहिले.

मी सगळं सांगितलं. गाऱ्हाण्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. देवाक खोटो पाडतंस, हेही सांगितलं. आणि रडले. म्हटलं, माझ्या तोंडानंच मी तुमचं औषध बंद केलं.

ह्यांना बोलायला त्रास व्हायचा. एकेक शब्द घशातून ओढून काढावा लागे. ते पुढे वाकले आणि म्हणाले,

"गाराण्यात माणूस देवाकडे मागता. देव कोणाची सही घेणा नाय."

थांबले. पाणी प्याले. ते अर्धं बाहेर आलं.

"ता गाराणा न्हय. ती नोटीस."

आयुष्यभर त्यांनी गाऱ्हाणी घातली होती. तीस-चाळीस वर्षं लोकांच्या वतीने देवाशी भांडले होते. कुठलं गाऱ्हाणं आणि कुठलं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? माझ्या अंगावरून काहीतरी उतरलं. भीती होती ती. चौदा वर्षांची असेल, जास्तीचीही असेल. केळी मी गाईला घातली.

त्या दिवसापासून मी मान खाली घातलेली नाही.

अर्ज मी स्वतः लिहिला. आधी पेन्सिलने, मग पेनाने. पहिल्याच ओळीत लिहिलं: मी नोकरी सोडूक नाय. माका कामावरसून काढल्यानी. खाली गाऱ्हाण्याचे शब्द, तबकाखालचा कागद, सगळं. ऑफिसात नेला. खिडकीत तोच माणूस. त्याने दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हे काय लिहिलंय? शुद्ध मराठीत लिहून आणा."

मी कागद परत त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, "साहेब, आमच्या राजीखुशीनचं तुमच्या कागदावर स्वेच्छेने झालं ना? तेव्हा कोणी म्हटलं नाही की शुद्ध आणा. मग ह्याचंही होईल. घ्या. आणि शिक्का मारून पोच द्या."

त्याने वर बघितलं. पहिल्यांदाच बघितलं माझ्याकडे. मी हात टेबलावर ठेवले होते, दोन्ही, उघडे. पोच मिळेपर्यंत उचलले नाहीत.

पोच मिळाली. शेक मिळाले नाहीत.

बाकीच्या बायकांकडे मी गेले. घरोघर. तुमच्याही कार्डाचं हेच झालंय, सह्या करा म्हटलं. कोणी केल्या नाहीत. पोटाला भाकरी हवी तर मालकाशी वैर करून भागत नाही. मी त्यांना दोष देत नाही. मीही त्यांच्यातलीच होते, पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत.

काजूचा हंगाम आला आणि कारखाना उघडला. वेगळं नाव, तीच मशीनं. इंदू घरी आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"गो, भाऊशेटनी सांगल्यानी. तुका येवचा आसात तर ये, तुझा मशीन ठेवलेला आसा. पण तो अर्ज मागे घी."

"तुमी सगळी गेलात?"

"गेलंव." मग हळू म्हणाली, "परत सगळ्यांका नवी म्हणान घेतल्यानी. पयल्या दिवसापासून."

म्हणजे चौदा वर्षं पुसली. विमाही नव्याने सुरू. तरी त्या वेळी मी हललेच होते, खोटं कशाला बोलू. नवं कार्ड म्हणजे कधी ना कधी ह्यांचे शेक. अर्ज मागे घेतला की घाट चढता येईल. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खाटेवरून सगळं ऐकत होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी विचारलं, तुमका जगूचा नाय काय? रागाने विचारलं. त्यांनी परत मान हलवली. आवाज तोवर पूर्ण गेला होता.

मी इंदूला म्हटलं, येणार नाही म्हणून सांग. त्या एका नकाराचा हिशोब मी अजून करते आहे. तो बरोबर होता हे मला माहीत आहे. पण बरोबर असून झोप लागत नाही.

दुसऱ्या एका सरकारी योजनेत शेवटी ह्यांचं नाव बसलं. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर एक, तेवढं सरळ व्हायला महिने गेले. परत घाट चढलो. तोच डॉक्टर. त्याने बॅटरी मारून घसा बघितला आणि मला बाहेर बोलावलं. खंड पडला, एवढंच म्हणाला. थोडे शेक दिले, दुखणं कमी व्हावं म्हणून. पुन्हा मोजून नवी खूण केली नाही, तेव्हाच हे समजले असावेत. परतीच्या गाडीत त्यांनी पंचा ओला करून मान स्वच्छ पुसून काढली.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात हे गेले. वाडीत घरोघर गणपती आणायची गडबड, आमच्या घरी सुतक. लोक येऊन बसायचे आणि घाईने उठायचे, त्यांचीही अडचण मला कळत होती. भाऊशेटही आले. पुढच्या दाराने आले. मी उठून उभी राहिले नाही, बसा म्हटलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

महिन्याने माझ्या अर्जावर सुनावणी लागली. एवढ्या काळात पहिली. आत एक साहेब होते, सभ्य. त्यांनी बसायला खुर्ची दिली. हळहळले. म्हणाले, "बाई, अर्ज यजमानांच्या उपचारासाठी होता. ते आता राहिले नाहीत. मागणी उरत नाही. इथे सही करा, प्रकरण बंद करू. तुम्हालाही हेलपाटे नकोत."

कागद पुढे केला. छापील होता.

"वाचून दाखवा," मी म्हटलं. "वरपासून."

त्यांनी वाचला. माझं नाव. कारखान्याचं नाव. मग: सदर महिलेने स्वेच्छेने नोकरी सोडल्याने तिचे विमा संरक्षण संपुष्टात आले होते. मग ह्यांचं नाव, आणि मयत.

"आता तुम्ही हे कोणासाठी चालवताय?" साहेबांनी विचारलं. वाईट हेतूने नाही विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, शेक थांबले म्हणून हे गेले. आणि शेक थांबले ते मी राजीखुशीने नोकरी सोडली म्हणून, असं तुमच्या कागदावर आहे. म्हणजे ह्यांना मी मारलं असं तुमच्या कागदावर आहे. आणि त्याच्याखाली तुम्ही माझी सही मागताय."

पंख्याने कागद उडत होता, साहेबांनी त्यावर हात ठेवला.

"माझी नोकरी गेली. मी सोडली नाही. ते लिहा. तसं लिहाल त्या दिवशी मी सही करीन. तोवर पुढची तारीख द्या."

त्यांनी तारीख दिली, भाऊशेटनाही बोलावणं काढतो म्हणाले. त्या तारखेला मी जाणार आहे. भाऊशेट आले नाहीत तर त्याच्या पुढच्या तारखेला. ह्यांना परत आणता येणार नाही, हे मला कोणी समजावू नये. मी ह्यांना आणायला जात नाही. त्या कागदावरचा एक शब्द खोडायला जाते, आणि तो माझ्यासमोर, ज्यांनी लिहिला त्यांच्याच हाताने खोडला जाईपर्यंत जात राहीन.